निवृत्तीचे वय ठरवताना मालकाचा हिशेब का चुकतो?

अमेरिकेत दुकान किंवा लहान कारखाना चालवणारा मालक नफ्यातून स्वतःच्या व नोकरांच्या निवृत्ती-खात्यात रक्कम भरतो, तेव्हा सरकार करात सवलत देते. मात्र मालक आणि मोठ्या पगारदारांना झुकते माप मिळता कामा नये, अशी त्या देशाच्या करकायद्यातील कलम ४०१(ए)(४) ची अट आहे. दरवर्षी त्याची चाचणी द्यावी लागते.

आता गंमत पाहा. मालकाला पगाराच्या १५ टक्के आणि नोकराला ५ टक्के देऊनही ही चाचणी उत्तीर्ण होता येते! कारण आजची रक्कम न मोजता ती निवृत्तीच्या वयात किती पेन्शन देईल, हे मोजण्याची मुभा आहे. व्याज ७.५ ते ८.५ टक्के धरतात. तरुण नोकराचा पैसा अधिक वर्षे वाढतो, म्हणून कागदावर तो मोठा दिसतो. (प्रत्यक्षात तो नोकर चाळीस वर्षे टिकेल का, हे कोणी विचारत नाही.) २००२ पासून किमान मर्यादा आली: नोकराला मालकाच्या टक्केवारीचा निदान एक-तृतीयांश किंवा पगाराच्या ५ टक्के द्यावेच लागतात.

योजनेत लिहिलेले निवृत्तीचे वय इथे कामाला येते. मालक ५० चा, नोकर २५ चा. वय ६५ ठेवा की ६२, दोघांची वाढ सारखीच कमी होते, ८.५ टक्क्यांनी नोकराचा एक डॉलर मालकाच्या सुमारे ७.७ डॉलरइतकाच राहतो.

परंतु मालक ६० चा असून योजनेत ५५ लिहिले असेल तर? ज्याने ते वय ओलांडले, त्याचे आजचे वयच चाचणीसाठी धरतात. मालकाची रक्कम वाढत नाही, नोकराची फक्त ३० वर्षे वाढते. नोकराचा डॉलर मालकाच्या ११.६ पट, वय ६५ असते तर १७.४ पट झाला असता. पेन्शनमध्ये रूपांतर केल्यावर ही पट आणखी घसरते. म्हणजे लवकर पैसे काढता यावेत म्हणून कमी वय लिहिणाऱ्या वयस्क मालकाला चाचणीसाठी नोकरांना जास्त भरावे लागू शकते, अथवा स्वतःचा वाटा घटवावा लागतो.

ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनांना तर २००७ च्या नियमाने वेगळा लगाम घातला. ६२ किंवा अधिक वय निर्धास्त चालते, ५५ च्या खालचे सहसा मान्य होत नाही. म्हणून दस्तऐवजावर सही करण्याआधी ॲक्च्युअरीकडून दोन्ही वयांचे आकडे मागून घ्यावेत.