नव्याण्णव की एक?

आजचं वाचन: मत्तय 18:1-14

मोठा कोण, असं शिष्य विचारतात. येशू एका बालकाला मध्ये उभं करतो. लहानग्यांना अडखळण होणाऱ्याला कडक इशारा देतो आणि मग नव्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगतो.

आपण कधी कधी नेमकं उलटं करतो. "चर्चचं नाव खराब होईल" म्हणून नव्याण्णवांना सांभाळतो आणि त्या एकाला गप्प बसवतो.

2015 मध्ये गोवंडीत 13 वर्षांच्या मुलावर चर्चच्याच धर्मगुरूने अत्याचार केला. डिसेंबर 2021 मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. मधली सहा वर्षं त्या मुलाने आणि घरच्यांनी कशी काढली असतील?

प्रार्थना हवीच, पण प्रार्थना म्हणजे तक्रार नव्हे. 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं: असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवायचंच. हे बिशपांना लागू आहे, तसंच युथ ग्रुपच्या लीडरला, संडे स्कूलच्या टीचरला, तुम्हाला-मलाही. फादरांच्या कानावर घातलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

आज एवढं करा: मूल काही सांगत असेल तर मध्येच तोडू नका, "असं बोलू नये" म्हणू नका. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर युथ ग्रुपच्या नोटीस बोर्डावर लावा.

प्रार्थना: प्रभू येशू, त्या एकाचा आवाज ऐकायला आम्हाला कान दे, आणि ऐकल्यावर उठायला धैर्य दे. आमेन.