यंत्राचा आवाज मोजणे : ध्वनिमापकाचा उपयोग

शाळेशेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की शिक्षकाचा आवाज नकळत चढतो. तरीही मागच्या रांगेतील मुलास शब्दांची अखेरची अक्षरे ऐकू येत नाहीत व ते शुद्धलेखनात चुकते. हा दोष मुलाचा नव्हे. परंतु 'फार गोंगाट होतो' एवढे म्हणून भागत नाही. तो किती, हे मोजून सांगता आले पाहिजे.

एकक : ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. ध्वनीची तीव्रता दुप्पट झाली की आकडा सुमारे ३ ने वाढतो. दसपट झाली की १० ने. म्हणून प्रत्येकी ६० डेसिबल आवाजाची दोन यंत्रे एकत्र चालल्यास १२० नव्हे, ६३ डेसिबल होतात. हे विद्यार्थ्यांस फळ्यावर अवश्य दाखवावे.

कृती : १. ध्वनिमापक प्रमाणित ध्वनीवर पडताळून घ्यावा. मोबाइलवरील ॲप केवळ स्थूल तुलनेस उपयोगी पडते.
२. मानवी कानाच्या संवेदनेशी जुळणारे 'ए' भारांकन व 'मंद' प्रतिसाद निवडावा.
३. ध्वनिग्राहक बसलेल्या मुलाच्या कानाइतक्या उंचीवर, भिंतीपासून दूर धरावा. वारा असल्यास त्यावर स्पंजाची टोपी घालावी.
४. वर्ग शांत ठेवून गिरणी चालू असताना व बंद असताना, अशा दोन नोंदी त्याच जागी घ्याव्यात.

गणित : दोन नोंदींत १० किंवा अधिक डेसिबलचा फरक असल्यास पहिली नोंद जवळजवळ गिरणीचीच समजावी. चालू असता ५८ व बंद असता ५५ आल्यास एकट्या गिरणीचा आवाज ३ नव्हे, सुमारे ५५ होय. फरक ३ हून कमी असल्यास निष्कर्ष काढू नये.

तुलना : जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातील पार्श्वध्वनीसाठी ३५ डेसिबलची शिफारस केली. भारताच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसाची सरासरी मर्यादा ५० डेसिबल आहे. मागच्या रांगेत शिक्षकाचा आवाज पार्श्वध्वनीहून सुमारे १५ डेसिबल अधिक पोहोचावा.

नोंदवही गिरणीमालकास व ग्रामपंचायतीस सौजन्याने दाखवावी आणि दळणाची वेळ शाळेच्या वेळेबाहेर ठेवण्याची विनंती करावी. ते होईपर्यंत कमी ऐकू येणाऱ्या मुलास पुढे बसवावे. त्यास मोजमापाची वाट पाहण्याचे कारण नाही.