संगणक सुरू होताच आपोआप जोडले जाणारे व्हीपीएन : एक अभ्यासपाठ



आपल्या समाजातील मुले-मुली आज संगणकावर अभ्यास करतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात आणि काही जण घरी बसून पुण्या-मुंबईच्या कचेरीतील नोकरीही करतात. ज्या दाराने ज्ञान व रोजगार घरात येतो, त्याच दाराने चोरही येऊ शकतो. म्हणून दाराला कुलूप विकत आणणे पुरेसे नाही, ते रोज लागलेले असणे महत्त्वाचे आहे. व्हीपीएन हे असेच एक कुलूप आहे. ते संगणक सुरू होताच आपोआप कसे लागावे, ते मध्येच निघाले तर काय करावे आणि त्यावर किती विसंबावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. व्हीपीएन म्हणजे काय?

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. मराठीत त्याला 'आभासी खाजगी जाळे' म्हणता येईल. पोस्टाच्या उदाहरणाने ही कल्पना चटकन समजते. पोस्टकार्डावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो. पाकिटातला मजकूर वाचता येत नाही, परंतु पाकिटावरचा पत्ता सर्वांना दिसतो. आता आपले पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून एका विश्वासू कचेरीकडे पाठवले, त्या कचेरीने वरचे पाकीट फोडून आतले पाकीट पुढे रवाना केले, तर वाटेतल्या माणसाला फक्त त्या कचेरीचा पत्ता दिसेल. ही विश्वासू कचेरी म्हणजेच व्हीपीएनचा सर्व्हर होय.

आज बहुतेक संकेतस्थळांचा पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतो. याचा अर्थ आतला मजकूर आधीच पाकिटात बंद असतो. म्हणून व्हीपीएन नसेल तर सर्व काही उघड्यावर पडते, असे समजू नये. व्हीपीएनचे खरे उपयोग दोन आहेत. पहिला, दूर असलेल्या कचेरीच्या बंद जाळ्यात सुरक्षितपणे प्रवेश करणे. दुसरा, रेल्वे स्थानक, वसतिगृह किंवा हॉटेल अशा ठिकाणच्या सार्वजनिक वायफायवर आपण कोठे जातो हे जवळपासच्यांना कळू न देणे.

२. थोडी पार्श्वभूमी

बंद जाळ्याची गरज आपल्याकडे प्रथम ज्या क्षेत्रांना जाणवली, त्यांत बँकिंग हे प्रमुख होते. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबाद येथे स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या संस्थेने १९९९ मध्ये 'इन्फिनेट' हे वित्तीय क्षेत्रापुरते बंद जाळे सुरू केले. आज बुलढाणा जिल्ह्यातल्या लहानशा गावातील बँक शाखासुद्धा दूरच्या मुख्य संगणकाशी बंद वाटेनेच जोडलेली असते. सकाळी शाखा उघडल्यावर कोणी कर्मचारी ही वाट हाताने जोडत बसत नाही. जोडणी ही त्या व्यवस्थेची सवय असते. आपल्या घरच्या किंवा संस्थेच्या संगणकालाही हीच सवय लावायची आहे.

स्वतंत्र तार न टाकता सार्वजनिक इंटरनेटमधूनच खाजगी वाट काढण्याची पीपीटीपी ही पद्धत १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झाली. गुरदीपसिंग पाल या अभियंत्याचा तिच्यात महत्त्वाचा वाटा होता. ती आता जुनी व असुरक्षित ठरली असून कोणी सुचवली तरी वापरू नये. तिच्याऐवजी आयकेई-व्ही-टू, ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड यांपैकी एक निवडावी.

सामान्य घरांत व्हीपीएन हा शब्द खऱ्या अर्थाने पोहोचला तो २०२० साली. टाळेबंदीच्या आधी, मार्च २०२० मध्ये, केंद्राच्या दूरसंचार विभागाने घरून काम करण्यासंबंधीच्या अटी शिथिल केल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये नियम आणखी सोपे झाले. महानगरांत नोकरी करणारी कितीतरी मुले त्या काळात गावी परतली आणि घरातूनच कचेरीशी जोडली गेली. म्हाताऱ्या आई-वडिलांजवळ राहून नोकरी टिकवता येते, हा अनुभव आपल्या ग्रामीण कुटुंबांना नवा होता. त्या नोकरीचा धागा या जोडणीवर अवलंबून असतो, हे लक्षात घेतले म्हणजे विषयाचे महत्त्व पटेल.

३. 'आपोआप' कशासाठी?

यामागे तीन कारणे आहेत. पहिले, माणूस विसरतो. घाईत असला की हमखास विसरतो. दुसरे, आपल्याकडे वीज जाते. वीज परत आल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो, परंतु हाताने केलेली जोडणी पुन्हा होत नाही, आणि पडद्यावर सारे पूर्वीसारखेच दिसत असल्याने ते ध्यानात येत नाही. तिसरे, विंडोज स्वतःला अद्ययावत करताना रात्री आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होते. तेव्हाही हाच प्रकार घडतो.

समजा, एखाद्या कल्याण संस्थेचे कार्यालय बुलढाण्याला आहे, हिशेब पाहणारा कार्यकर्ता मेहकरला आणि विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी कार्यकर्ती मलकापूरला राहते. कार्यालयाच्या संगणकात देणगीदारांची यादी, मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले आणि बँक खात्यांचे तपशील आहेत. हा संगणक इंटरनेटवर उघडा ठेवून दुरून वापरणे म्हणजे कपाट रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे. तो व्हीपीएनच्या आत ठेवावा आणि दोघांच्या संगणकांनी सुरू होताच त्या आतल्या जाळ्याशी जोडून घ्यावे, हीच योग्य व्यवस्था.

४. विंडोजमध्ये जोडणी कशी करावी?

प्रथम एक सूचना. विंडोज १० ची नियमित मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे. शक्य असेल तर विंडोज ११ वापरावे.

(अ) 'सेटिंग्ज' उघडून 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'व्हीपीएन' येथे जावे. 'ॲड व्हीपीएन' निवडून सर्व्हरचा पत्ता, पद्धत, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड भरावा. जोडणीला इंग्रजी अक्षरांत एकाच शब्दाचे नाव द्यावे. माहिती लक्षात ठेवण्याच्या चौकटीत खूण करावी. मग एकदा हाताने जोडून पाहावे. हाताने न जुळणारी जोडणी आपोआपही जुळणार नाही.

(आ) 'टास्क शेड्युलर' उघडून 'क्रिएट टास्क' निवडावे. ठरल्या वेळी ठरलेले काम करणारा हा संगणकातला शिपाईच आहे.

(इ) 'ट्रिगर्स' मध्ये 'ॲट लॉग ऑन' निवडावे. वायफाय जुळायला थोडा वेळ लागतो, म्हणून तेथेच अर्ध्या मिनिटाचा विलंब द्यावा. 'रिपीट टास्क' मध्ये दर ५ मिनिटांनी व अनिश्चित काळापर्यंत असे ठरवावे. त्यामुळे मध्येच तुटलेली जोडणी पुन्हा करण्याचा प्रयत्न होत राहतो. आधीच जुळलेली असेल तर त्याने काही बिघडत नाही.

(ई) 'ॲक्शन्स' मध्ये 'स्टार्ट अ प्रोग्रॅम' निवडून रासडायल ही आज्ञा लिहावी. तिची इंग्रजी अक्षरे आर, ए, एस, डी, आय, ए, एल अशी आहेत. खालच्या रकान्यात फक्त जोडणीचे नाव लिहावे. येथे पासवर्ड लिहिण्याचा मोह टाळावा, कारण ते काम उघडणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो.

(उ) 'कंडिशन्स' मध्ये, संगणक विजेच्या जोडणीवर असेल तरच काम सुरू करावे, अशी एक खूण आधीपासूनच केलेली असते. लॅपटॉपवर ती काढून टाकावी. नाहीतर वीज गेलेली असताना, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, आपला शिपाई कामावर येणार नाही.

वायरगार्डचे स्वतंत्र सॉफ्टवेअर वापरल्यास एवढा खटाटोप लागत नाही. त्यात एकदा सुरू केलेली जोडणी विंडोजची सेवा म्हणून नोंदली जाते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लॉग इन करण्यापूर्वीच चालू होते. अँड्रॉइड मोबाइलमध्ये व्हीपीएनच्या नावापुढील चक्रावर बोट ठेवल्यास 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन' ही सोय सापडते.

कचेरीचे व्हीपीएन दरवेळी ओटीपी मागत असेल, तर ती अडचण नसून जाणीवपूर्वक ठेवलेला पहारा आहे. तो चुकवून आपोआप जोडण्याची युक्ती शोधू नये.

५. उरलेले अर्धे काम

येथपर्यंत आलेले बहुतेक जण काम झाले असे समजतात. वस्तुतः निम्मेच काम झालेले असते. जोडणी तुटली तर काय होते, हा खरा प्रश्न आहे. विंडोजच्या वर सांगितलेल्या साध्या जोडणीत, ती तुटताच इंटरनेटची वाहतूक गुपचूप नेहमीच्या उघड्या वाटेने सुरू होते. माणूस मात्र आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत राहतो. सुरक्षितता नसण्यापेक्षा ती असल्याचा भ्रम अधिक घातक असतो.

यावरचा उपाय म्हणजे व्हीपीएन नसेल तर इंटरनेटही नाही, अशी आज्ञा देणे. इंग्रजीत याला 'किल स्विच' म्हणतात. सर्व वाहतूक व्हीपीएनमधून नेणारी जोडणी असेल तर वायरगार्डमध्ये तशी चौकट असते. अँड्रॉइडमध्ये 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' या नावाने ती सोय आहे.

नंतर तीन चाचण्या घ्याव्यात. एक, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि काहीही न करता जोडणी होते का ते पाहावे. दोन, आपला आयपी पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडून व्हीपीएनपूर्वीचा व नंतरचा पत्ता ताडून पाहावा. केवळ कचेरीपुरत्या जोडणीत तो बदलत नाही, तेव्हा कचेरीतला संगणक उघडतो का ते पाहावे. तीन, राउटर बंद करून पुन्हा चालू करावा आणि जोडणी स्वतः परत येते का, तोपर्यंत इंटरनेट थांबते का, हे तपासावे.

६. विश्वास कोणावर ठेवावा?

मोठे पाकीट ज्या कचेरीत फुटते, तिला आपला आतला पत्ता दिसतोच. म्हणजे आपण वाटेतल्या माणसावरचा विश्वास काढून व्हीपीएन चालवणाऱ्यावर ठेवतो. आपोआप जोडणीत तर तो रोज, न विचारता ठेवला जातो. म्हणून फुकट व्हीपीएन घेताना दहा वेळा विचार करावा. फेसबुकच्या मालकीचे 'ओनावो प्रोटेक्ट' हे फुकट व्हीपीएन वापरकर्त्यांची माहिती गोळा करते, या कारणावरून ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपलच्या ॲप दुकानातून हटले, हे उदाहरण बोलके आहे.

भारतात व्हीपीएन वापरणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. त्याच्या आडून केलेला गुन्हा हा मात्र गुन्हाच राहतो. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची नोंद ५ वर्षे ठेवावी लागते. कचेऱ्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ही अट लागू नाही. या आदेशानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे अशा व्हीपीएनवरून आपला पत्ता परदेशी दिसू शकतो आणि काही शासकीय संकेतस्थळे उघडत नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ असताना हे ध्यानात ठेवावे.

७. यंत्राची सवय आणि माणसाचा अप्रमाद

भगवान बुद्धांच्या शिकवणुकीत अप्रमादाला, म्हणजे सतत जागृत राहण्याला, मोठे स्थान आहे. धम्मपदातील दुसरा वग्ग त्याच नावाचा आहे. कोणी म्हणेल, काम आपोआप झाले म्हणजे जागृतीची गरज संपली. तसे नाही. लक्षात ठेवण्याचे ओझे यंत्रावर टाकता येते, पारख करण्याचे टाकता येत नाही. खोट्या दुव्यावर बोट ठेवले, फोनवरच्या अनोळखी माणसाला ओटीपी सांगितला किंवा दूषित पेन ड्राइव्ह लावला, तर उत्तम व्हीपीएनही वाचवू शकत नाही. बँकेच्या काउंटरवर फसवणुकीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची माहिती वाटेत कोणी चोरलेली नसते. ती त्यांच्याकडूनच गोड बोलून काढून घेतलेली असते.

म्हणून जे रोज एकाच प्रकारे करायचे, ते यंत्राकडे सोपवावे. त्यातून वाचलेले लक्ष, जेथे दरवेळी विचार करावा लागतो, तेथे लावावे. आपल्या संस्थेकडे लोक आपली कागदपत्रे विश्वासाने देतात. तो विश्वास जपणे हेही कल्याणकार्यच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पोस्टकार्ड, पाकीट व पाकिटातले पाकीट यांतील फरक इंटरनेटच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. वीज जाऊन परत आल्यावर हाताने केलेल्या जोडणीचे काय होते?
३. जोडणी तुटल्यावर इंटरनेट थांबवणे का आवश्यक आहे?
४. व्हीपीएन ज्यापासून संरक्षण देत नाही, अशा तीन गोष्टी सांगा.
५. आपल्या संस्थेच्या संगणकावर वरील तीन चाचण्या घेऊन निष्कर्ष वहीत लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!