होल इन स्पेस : व्हिडिओ कॉलच्या आधीची एक भेट



चित्र, शिल्प आपण लांबून बघतो. पण प्रेक्षकांनी भाग घेतल्याशिवाय पूर्णच होत नाही, अशीही कला असते. तिचं एक छान उदाहरण आज पाहू.

नोव्हेंबर १९८०. किट गॅलोवे आणि शेरी राबिनोविट्झ या अमेरिकन कलाकारांनी 'होल इन स्पेस', म्हणजे 'अवकाशातलं भोक', ही कलाकृती मांडली. न्यूयॉर्कला लिंकन सेंटरमध्ये एक पडदा आणि लॉस एंजेलिसला एका मोठ्या दुकानाच्या खिडकीत दुसरा. मधलं अंतर जवळपास ४,००० किलोमीटर. उपग्रहामुळे इकडची माणसं तिकडे, खऱ्या उंचीएवढी, दिसू-बोलू लागली. ना पाटी, ना जाहिरात!

हे तीन संध्याकाळी चाललं. पहिल्या दिवशी येणारे-जाणारे थबकले. "तुम्ही कुठून बोलताय?" इथूनच सुरुवात. मग लोकांनी फोन करून ओळखीच्यांना बोलावलं. तिसऱ्या दिवशी तर कितीतरी वर्षं न भेटलेले नातेवाईक ठरवून समोरासमोर उभे राहिले.

कलाकारांनी एक गोष्ट मुद्दाम टाळली. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत नव्हता. त्यामुळे नजर फक्त समोरच्यावर!

आता आपल्या मुलांकडे पाहा. व्हिडिओ कॉलवर बहुतेक वेळा ती स्वतःलाच बघत असतात. आई-बाबा ऊसतोडीला गेलेत आणि मूल आजीजवळ राहतंय, अशा घरात तो कॉल हीच दिवसभरातली एकमेव भेट असते. ती वाया जायला नको.

उपक्रम : खिडकीतली भेट
१. स्क्रीनवरच्या आपल्या चेहऱ्यावर कागदाची छोटी पट्टी लावा.
२. मोबाईल हातात न धरता डब्याला टेकवून ठेवा.
३. "जेवलास का? अभ्यास केलास का?" एवढ्यावर न थांबता भेंड्या खेळा, कोडी घाला, वहीतलं चित्र दाखवा.
४. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा : समोरच्याच्या चेहऱ्यात काल काय नवीन दिसलं?

चर्चेसाठी प्रश्न
• पाटी नसतानाही लोक का थांबले असतील?
• अशी खिडकी आपल्या गावात कुठे लावाल? पलीकडे कोण असावं?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं घाई न करता ऐका. कोणाला कोणाची आठवण येते, ते तिथेच कळतं. यंत्र फक्त खिडकी उघडतं. पलीकडच्या माणसाकडे बघायला आपणच शिकवायचं आहे.