नाव नोंदवायला गेलेली शेतमजूर बाई



निवडणूक आली की काही वस्त्यांवर वाड्यावरचा निरोप येतो: मत अमक्याला, नाहीतर उद्यापासून काम बंद. हा निरोप आपल्याच वाट्याला आला असे नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात तो काळ्या मजुरांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत होता. तिथली ही हकीकत घरातल्या बायामुलींना वाचून दाखवावी.

फॅनी लू हेमर ही कापसाच्या मळ्यात राबणारी बाई. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी सतरा जणांबरोबर ती इंडियनोला गावी मतदार यादीत नाव घालायला गेली. कचेरीत राज्यघटनेचे एक किचकट कलम पुढे टाकून त्याचा अर्थ लिहायला सांगितला. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा गोरा कारकूनच! बाई नापास. परतताना पोलिसांनी बस अडवून चालकाला दंड केला. कारण काय, तर बसचा रंग फार पिवळा. घरी आली तर मळेवाल्याचा हुकूम: अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षांची चाकरी त्याच रात्री सुटली. नवऱ्याला मात्र सुगी संपेपर्यंत राबवून घेतले. १० सप्टेंबरला, ती ज्या घरी आसऱ्याला होती त्यावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच वर्षीच्या कायद्याने अर्जदारांची नावे दोन आठवडे वर्तमानपत्रात छापली जात. कोणाला कामावरून काढायचे, कोणाची उधारी तोडायची, याची यादी जणू सरकारच पुरवीत होते.

जानेवारी १९६३ मध्ये ती परीक्षा पास झाली. जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात तिला बेदम मारले. मूत्रपिंड कायमचे दुखावले. मारायला लावले ते दोन काळ्या कैद्यांना. ही युक्ती आपल्यालाही अनोळखी नाही. पुढे १९६५ च्या मताधिकार कायद्याने या परीक्षा बंद पडल्या. त्यापूर्वी मिसिसिपीत शंभर प्रौढ काळ्यांपैकी सातांचीही नावे यादीत नव्हती. १९६७ पर्यंत जवळजवळ साठांची आली.

आपल्याकडे घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मत आहे. अक्षरओळखीची अट नाही, जमिनीची नाही. तरी धाक आहे. मोजणी केंद्रवार होते, म्हणून वस्तीचा कल बाहेर कळतो हे खरे; पण एकट्या माणसाचे मत यंत्रातून कोणाला कळत नाही. ‘आम्हाला सगळं दिसतं’ म्हणणारा खोटे बोलतो.

दुसरी एक थाप नव्या बौद्ध कुटुंबांना मारली जाते: तुम्ही धर्म बदललात, आता तुम्हाला कायदा नाही. अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातींचे संरक्षण आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा माणसाला मत देऊ नको किंवा अमक्यालाच दे असा धाक घालणे गुन्हा आहे. काम किंवा किराणा बंद करून बहिष्कार टाकण्याची धमकीही २०१६ पासून त्यात आली.

ठाण्यावर एकट्याने जाऊ नये. धमकीचे शब्द, वार आणि तिथे कोण हजर होते, हे आधी वहीत उतरवावे. तक्रार तोंडी दिली तर ती लिहून, वाचून दाखवून मगच सही घेणे आणि लगेच प्रत देणे हे तिथल्या अधिकाऱ्याचे कायद्याने ठरलेले काम आहे. प्रत हातात आल्याशिवाय उठू नये.