लाल म्हणजे धमनीच का?

प्रश्न : वडिलांच्या पोटाची सोनोग्राफी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात झाली. पडद्यावर मधेच लाल-निळे रंग उमटले. लाल ती धमनी आणि निळी ती शीर, असंच ना? आणि रंग नसताना डॉक्टरांना कोणती नस कुठली, हे कळतं कसं?
— एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : तसं नाही. शाळेच्या पुस्तकातली लाल-निळी आकृती मनात इतकी पक्की बसलेली असते, की हा घोळ बहुतेकांचा होतो. हे रंग डॉपलर तपासणीचे. तिच्यात पोटावर फिरवतात त्या प्रोबकडे येणारं रक्त साधारणपणे लाल दिसतं, दूर जाणारं निळं. प्रोब दुसऱ्या बाजूला कलता केला की तीच धमनी निळी दिसू लागते.

ओळख पटते ती जागेवरून आणि वागण्यावरून. डॉक्टर आधी पाठीचा मणका शोधतात. त्याच्या पुढ्यात दोन काळी वर्तुळं दिसतात. रक्तातून ध्वनी फारसा परतत नाही, म्हणून काळी. रुग्णाच्या डाव्या अंगाला महाधमनी : गोल, जाड भिंतीची, ठोक्यागणिक उसळणारी. उजव्या अंगाला महाशीर : लंबगोल, पातळ भिंतीची. नाकाने जोरात श्वास ओढला की ती आक्रसते, प्रोब दाबला की चपटी होते. महाधमनी सहजासहजी दबत नाही. तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर. ३ किंवा अधिक भरली तर फुगवटा समजतात.

यकृतात पोर्टल शिरेच्या भिंती पांढऱ्याशुभ्र चमकतात, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांच्या जेमतेम दिसतात. रंगाची खरी किंमत इथे कळते. पोर्टल शिरेतलं रक्त यकृताकडे जायला हवं. सिरॉसिस बळावला की कधी कधी ते उलट वाहू लागतं, आणि हे सुई न टोचता दिसतं.

पण गर्भलिंगनिदानामुळे सोनोग्राफीच्या याच यंत्राने तुमच्या बीडमध्ये फार वाईट नाव कमावलं. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७च मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंगनिदानबंदीची पाटी प्रत्येक केंद्रात लागते ती अशा गैरवापरामुळेच, आणि ती लागलीच पाहिजे. पण तुमच्या वडिलांच्या पोटावर फिरलं तेही हेच यंत्र, आणि त्याचं खरं काम ते.

पुढच्या तपासणीला त्यांना सहा-आठ तास उपाशी ठेवून न्या. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आतड्यातला वायू ध्वनी अडवतो, आणि मग मणक्यापुढची महाधमनीसुद्धा नीट दिसत नाही.