लुकलुकते दिवे आणि कॅमेऱ्याचा डोळा

नाईट क्लबमधील प्रसंग पडद्यावर पाहताना आपल्याला वाटते की, तेथे कॅमेरा नेऊन ठेवला की काम झाले. दिवे तर आधीच लावलेले असतात! प्रत्यक्षात छायालेखकाला घाम फोडणाऱ्या ज्या काही जागा आहेत, त्यांत या झगमगत्या नृत्यगृहाचा क्रमांक बराच वरचा लागेल. आमच्या चित्रपट मंडळाने असाच एक प्रसंग असलेला लघुपट करावयाचे ठरविले आणि तांत्रिक बाजूचा अभ्यास माझ्याकडे आला. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

आपला डोळा अखंड पाहतो. कॅमेरा मात्र तुकड्यातुकड्यांनी पाहतो. फिल्मच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४ चौकटी टिपल्या जातात आणि दोन चौकटींच्या मधल्या वेळात फिल्म पुढे सरकत असल्याने झडप मिटलेली असते. झडप अर्धवर्तुळाची, म्हणजे १८० अंशांची असेल, तर प्रत्येक चौकटीवर प्रकाश पडतो तो सेकंदाचा ४८वा भाग, आणि तेवढाच वेळ अंधार. उलट स्ट्रोब दिव्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. आता समजा, स्ट्रोब सेकंदाला बरोबर १२ वेळा चमकतो आहे. म्हणजे दर दोन चौकटींना एक झोत. पहिला झोत झडप उघडी असताना आला, तर सगळेच मिळतील. मिटलेली असताना आला, तर एकही नाही! सेटवरील सर्वांना लखलखाट दिसला आणि फिल्म धुऊन आल्यावर मात्र नुसता काळोख. वेग सेकंदाला ११ केला तर झोत हळूहळू सरकत जातात, आणि पाव सेकंद दिसतात, पाव सेकंद दिसत नाहीत. ही गंमत कागदावर आकडेमोड करून पाहावी. गणिताच्या तासापेक्षा लवकर समजते.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत निराळेच दुखणे आहे. बहुतेक कॅमेरे चित्र एकदम न टिपता वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतात. त्यामुळे क्षणिक झोत काही ओळींनाच सापडतो, आणि नर्तिकेचे डोके उजेडात तर पाय अंधारात अशी आडवी कापलेली चौकट हाती येते. मोबाइलवर वरातीचे चित्रण करणाऱ्यांनी हे पट्टे पाहिलेच असतील. झडपेचा कोन ३६० अंश केला तर झोत वाया जात नाही, पण तो दोन चौकटींत वाटला जाऊ शकतो. सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारे कॅमेरे आहेत. ते आपल्यासारख्यांना परवडतील तेव्हा खरे.

खरा उपाय साधा आहे. खऱ्या स्ट्रोबचा नाद सोडावा आणि एकेक झोत निदान दोन-तीन चौकटी टिकेल असा दिवा वापरावा. त्याहून सोपे म्हणजे स्थिर प्रकाशात नाच टिपून घ्यावा आणि संकलनात मधेमधे काळ्या चौकटी घालाव्यात. उजेड मोजतानाही सावध राहावे. कॅमेऱ्यावर सोपविले तर तो प्रत्येक झोताबरोबर दचकतो; म्हणून प्रकाश आणि फोकस दोन्ही हाताने पक्के करावेत. चेहऱ्यावर मंद, स्थिर उजेड ठेवून त्यावर माप घ्यावे. बाकीचे दिवे पाठीमागे खुशाल नाचू द्यावेत. आपल्या विजेची वारंवारता ५० असल्याने साधे दिवेही सेकंदाला १०० वेळा थरथरतात. २४ चौकटींना झडप १७२.८ अंशांवर, म्हणजे सेकंदाच्या ५०व्या भागावर ठेवली की ती थरथर दिसत नाही. मंद केलेल्या एलईडी दिव्यांची मात्र आधी चाचणी घ्यावीच.

‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ (१९७७) हा या बाबतीत मला आदर्श वाटतो. ब्रुकलिनमधील खऱ्या क्लबात खालून उजळणारी रंगीत जमीन त्या चित्रपटासाठी बसविण्यात आली. रंग पायांखालून उसळतात, त्यामुळे लखलखाटावाचूनही लय जाणवते.

हे सारे तंत्र झाले. परंतु माझ्या वर्गातील एक मैत्रीण चित्रपट मंडळाच्या प्रत्येक खेळाला येते आणि असा प्रसंग आला की उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसते. तिला आकडीचा त्रास आहे. प्रसंग संपला की कोणीतरी दार उघडून तिला हाक मारतो. अपस्माराच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेतील लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. त्या दृश्यात रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा पालटत होते. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला तीनपेक्षा अधिक झोत नसावेत असा दंडक आहे. ‘इन्क्रेडिबल्स २’ (२०१८) दाखविताना अमेरिकेतील चित्रपटगृहांनी दारावर सूचना लावल्या होत्या.

म्हणून आमच्या लघुपटासाठी मी संकलकाला हिशेब करून दिला आहे : चार चौकटी उजेड, चार अंधार, म्हणजे सेकंदाला तीनच झोत. दिग्दर्शकाला तो संथ वाटतो. मी ढोलाचा ठोका प्रत्येक झोतावर बसवून दाखविला, तेव्हा त्याने मान हलविली. चित्रणाच्या दिवशी नाचणाऱ्या मुलामुलींनाही दिवे लावण्यापूर्वीच, चारचौघांत नव्हे तर एकेकाला बाजूला घेऊन, असा त्रास आहे का हे विचारावयाचे ठरले आहे.